शिक्षा नको

तुम्ही खोटं बोललात, डॉक्टरसाहेब. माझ्या बहिणीनं राजीखुशीनं औषध घेतलं, असं तुम्ही तुमच्या विद्यार्थ्यांना सांगितलंत. मी कॉटच्या पायथ्याशीच उभा होतो. तिनं फक्त हात पुढे केला होता.

आता सगळं सांगतो, कारण तेव्हा तुम्ही ऐकलं नाहीत.

ऋजुताताई आजारी होती, मान्य. कृष्णपुऱ्याच्या हिंदी शाळेत तिसरीला शिकवणारी बाई. तिनं जेवण सोडलं, नळाच्या पाण्यात कुणी तरी विष घालतंय म्हणाली, आणि एका दुपारी शेजारच्या सरलाकाकूंची टाकी रिकामी करून टाकली. काकू मरू नयेत म्हणून. मीच तिला ऑटोत घालून तुमच्याकडे आणलं. इलाज नको, असं मी कधीच म्हटलं नाही.

पहिल्या दिवशी सुई बघून ती कोपऱ्यात सरकली. चौघांनी धरलं, पट्ट्यांनी हात कॉटला बांधले, मला दाराबाहेर काढलं. आतून एकच ऐकू येत होतं, "शिक्षा नको. शिक्षा नको मला."

तिला धरणाऱ्यांतला वॉर्डबॉय अंकुर हसत बाहेर आला. "भिया, आपकी दीदी तो अभी भी स्कूल में ही बैठी हैं. बोल रही हैं, शिक्षा नहीं चाहिए."

त्याचा काय दोष? हिंदीत शिक्षा म्हणजे शिकवणं. तुम्हीही तेच समजलात. टीचर आहेत, शाळा आठवतेय, म्हणालात आणि पुढच्या पेशंटकडे वळलात.

ताईला हिंदी येत नव्हती असं नाही. इतकी वर्षं हिंदीतच पाढे पाठ करून घेतले तिनं पोरांकडून. पण जीव घाबरला की आईची भाषाच तोंडात येते. तुमच्या मागे जिन्यापर्यंत आलो मी. सांगितलं, साहेब, आमच्यात शिक्षा म्हणजे सजा. ती सजेला घाबरतेय. एकदा तिच्याजवळ बसा आणि ही सजा नाही एवढं सांगा. तुम्ही थांबलात, तेवढं मानतो.

"सजा थोड़ी है, इलाज है," तुम्ही म्हणालात.

"मुझे मत बोलो साहब, उसको बोलो."

"अभी उनको समझ में नहीं आएगा."

मग कधी समजणार होतं? समजण्याजोगी झाली, तेव्हा तरी आलात का सांगायला?

दुसऱ्या आठवड्यात ती ओरडायची थांबली. तुम्ही राउंडला शिकाऊ पोरापोरींना घेऊन आलात. सिस्टर गोळी घेऊन जवळ आली आणि ताईनं उजवा हात पुढे केला. तळवा वर, बोटं ताठ, डोळे घट्ट मिटलेले. "देखिए, अब पूरा कोऑपरेट कर रही हैं," तुम्ही म्हणालात. एकीनं ते लिहूनही घेतलं.

गोळी घेणारा माणूस डोळे मिटतो का हो? आम्ही दोघं एकाच शाळेत शिकलो. पाढा चुकला की मास्तर लाकडी पट्टी काढायचे, आणि ताई अशीच हात पुढे करून उभी राहायची.

गोळी तळव्यावर पडली. ती पट्टीची वाट बघत तशीच बसून राहिली. सिस्टर "मुंह खोलो" म्हणाली, तेव्हा कुठे डोळे उघडले.

आता ती घरी आहे. जेवते, नळाचं पाणी पिते. औषधाचा गुण आला, तेही लपवत नाही. शाळेत मात्र जात नाही. पोरांसमोर कुठल्या तोंडानं उभी राहू, म्हणते. रोज जेवण झाल्यावर मी गोळी काढली की ती हात पुढे करते, डोळे मिटते. ताई, ही शिक्षा नाही गं, मी सांगतो. ती ऐकून घेते, धाकटा भाऊ समजूत काढतोय म्हणून. काल गोळी गिळल्यावर तिनं हळूच विचारलं, "पण मी केलं काय होतं, प्रणव?"

काहीच नाही, हे माझं उत्तर तिला पटत नाही. पटेल कसं? बांधायला मी लावलं नव्हतं, तुम्ही लावलंत. म्हणून तुम्हीच या. तिच्यासमोर बसा, तिचा तो हात खाली घ्या आणि तिला सांगा, डॉक्टरसाहेब, तिनं काय केलं होतं?