टाकीचं कुलूप

सुखदेव गजभिये यांचा स्वभाव मुळातच संशयी. दूधवाल्यानं दूध घातलं की आधी त्यात बोट बुडवून पाहणार, मगच भांडं घरात नेणार. पांढुर्ण्याच्या नगरपालिकेत त्यांनी जन्मभर पाण्याच्या पंपावर नोकरी केली. रात्रपाळीचा माणूस झोपा काढतो असं त्यांना तिथंही वाटायचं, आणि बऱ्याचदा तो झोपलेलाच सापडायचा. त्यामुळे या सवयीला खतपाणीच मिळालं.

त्यांच्या दारात एक जुनी अँबेसेडर होती. वडिलांनी, म्हणजे दादाजींनी, एका संत्र्याच्या व्यापाऱ्याकडून ती घेतली होती. दादाजी गेले तरी रिवाज मोडला नाही. चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत बाबासाहेबांचा फोटो याच गाडीवर निघायचा, आणि त्याआधी गाडीला नवा रंग लागायचा. बाहेरून पांढरा, त्यावर निळे पट्टे, आतला डॅशबोर्डही निळा. दरवर्षी पेंटर यायचा. यंदा सुखदेव निवृत्त, हाताला काम नाही. त्यात पेंटर कामचुकार आहे, डॅशबोर्डची मागची बाजू तशीच सोडतो, असं त्यांच्या मनानं घेतलं. त्यांनी स्वतः मीटर काढले, डॅशचा पत्रा पुढून-मागून निळाशार रंगवला आणि सगळं पुन्हा बसवलं. चार लोकांना बोलावून दाखवलं. कौतुकही झालं.

गाडी चालवायचा मात्र वामन. वामन हा त्यांच्या बायकोचा, शोभाबाईंचा धाकटा भाऊ. तो सौंसरला राहायचा आणि शाळेची बस चालवायचा. मोतीबिंदूनंतर सुखदेवना रस्त्यावर गाडी चालवायची भीती वाटे, म्हणून चावी वामनच्या हाती गेली. शोभाबाईंना आईबाप नव्हते. माहेर म्हणायला हा एवढा भाऊच उरला होता.

रंग वाळला आणि वामन जयंतीसाठी भोंगे आणायला गाडी सौंसरला घेऊन गेला. संध्याकाळी परत आला तेव्हा सुखदेव गाडीच्या खिडकीतून आत डोकावले. इंजिनाच्या उष्णतेचा काटा लाल खुणेला टेकला होता. पेट्रोलचा काटा मात्र निघताना होता तिथंच, अर्ध्यावर.

"काहून रे, गाडी लई तापली?"

"नाही जी भाऊजी. आरामात आलो," वामन म्हणाला आणि भोंगे उतरवायला लागला.

सुखदेवच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. गाडी एवढी तापली म्हणजे हा कुठंतरी लांब भटकला. आणि पेट्रोल जराही कमी नाही, म्हणजे भटकणं लपवायला ह्यानं वाटेत भरलं! बरं, भरलं तर सांगितलं का नाही? माणूस एकदा असा विचार करायला लागला की त्याला अडवणं देवाच्याही हातात नसतं.

दुसऱ्या खेपेला वामन फोटोचं लोखंडी स्टँड आणायला गेला. या वेळी वाटेतल्या बोरगावपासून खड्ड्यांतून आदळत आला. उष्णतेचा काटा शहाण्यासारखा मध्यावर होता, पण पेट्रोलचा अर्ध्यावरून थेट तळाजवळ घसरला होता. सख्खा मेहुणा नळी लावून पेट्रोल काढतो, हे बोलायचं तरी कोणाजवळ? त्या रात्री त्यांना जेवण गेलं नाही. राग होता, आणि रागाहून जास्त लाज होती.

सकाळी त्यांनी थोडं पेट्रोल टाकलं, टाकीच्या झाकणाला कडी बसवून घेतली आणि तिला कुलूप ठोकलं. चावी बंडीच्या खिशात.

शोभाबाई अंगणात उभ्या राहून पाहत होत्या. "अजी, हे काहून?"

"चोऱ्या वाढून राहिल्या आजकाल."

"कोनाच्या चोऱ्या? माह्या भावावर तं नाही ना डोळा तुमचा?"

"कोन म्हनते तसं?" सुखदेव म्हणाले आणि बायकोकडे न पाहता आत गेले. दिवसभर घरात भांड्यांचाच आवाज होता.

चौदा एप्रिलला ऊन कडक होतं. गाडी झेंडूच्या माळांनी सजली होती. टपावर बाबासाहेबांचा फोटो, स्टेअरिंगवर पांढऱ्याशुभ्र कपड्यांत वामन, शेजारी सुखदेव, मागं पोरीबाळींसोबत शोभाबाई. पेट्रोलचा काटा पुन्हा अर्ध्यावर होता आणि सुखदेव मनातल्या मनात खूश होते. कुलूप लावलं आणि पेट्रोल टिकलं! आता आणखी काय पुरावा पाहिजे?

मिरवणूक स्टेशनच्या रस्त्याला वळली. पुढं लेझीम, मागं निळे झेंडे. आणि ऐन चौकात गाडीनं दोन आचके दिले आणि ती बंद पडली.

वामननं सेल्फ मारला. पुन्हा मारला. "पेट्रोल खतम झालं, भाऊजी."

"अर्धी टाकी दाखवून राहिली ना!"

"दाखवू द्या. इंजिन कोरडं आहे." वामन खाली उतरला, धावत जाऊन कोणाच्या तरी मोटरसायकलमधून बाटलीभर पेट्रोल काढून आला आणि टाकीपाशी वाकला. मग तो तसाच थांबला.

भोंगे चालू होते, पण जवळचे लोक वळून पाहायला लागले. सुखदेवना उतरावं लागलं. बंडीच्या खिशातून चावी काढावी लागली.

"टाकीले कुलूप कवा लावलं, भाऊजी?" वामननं हळूच विचारलं.

सुखदेवनी कुलूप काढून खिशात टाकलं. वामननं एकदा बहिणीकडे पाहिलं. शोभाबाईंनी मान खाली घातली होती. त्या मान खाली घालण्यातच त्याला सगळं कळलं. त्यानं पेट्रोल ओतलं, गाडी सुरू केली, मिरवणूक थेट शेवटपर्यंत नेली, फोटो हातांनी उतरवला आणि न जेवता सौंसरची बस धरली.

दुसऱ्या दिवशी सुखदेव गाडीपुढे बसले. चोरानं पेट्रोल काढलं म्हणावं, तर कुलूप शाबूत होतं. म्हणजे पेट्रोल गेलंच नव्हतं, मुळात तेवढं नव्हतंच. खोटं बोलत होता तो काटा. पंपावर उभा जन्म गेलेला माणूस, तारांना घाबरणारा नव्हता. त्यांनी टाकीवरची तार काढली. पेट्रोलचा काटा शून्यावर पडला. तीच तार क्षणभर गाडीच्या पत्र्याला लावली. काटा भरलेल्या खुणेकडे चढला. म्हणजे तार ठीक, काटाही ठीक. इंजिनावरची तार तशीच तपासली, तीही ठीक.

मग त्यांना आठवलं. पहिल्या खेपेला दोन्ही काटे वर होते. दुसऱ्या खेपेला दोन्ही खाली. पेट्रोल आणि उष्णता, यांचं एकमेकांशी काय नातं, की दोघांनी मिळून चढावं आणि मिळून उतरावं? दोघांना करंट देणारी डबी मात्र एकच होती, डॅशच्या मागं. बॅटरीचा करंट कमी करून काट्यांना बेताचा देणं हे तिचं काम, आणि ते करायला तिचं अंग गाडीच्या पत्र्याला टेकलेलं लागतं.

त्यांनी डॅश खोलला. डबी पत्र्याला स्क्रूनं घट्ट बसवलेली होती, पण तिच्याखाली, स्क्रूच्या भोकातही, निळा रंग होता. जाडजूड, दोन हातांचा, त्यांचा स्वतःचा. दहा पेंटरांनी कधी मागून रंग दिला नव्हता, तो कामचुकारपणा नव्हता तर! रंगामुळे डबी पत्र्याला लागत नव्हती, आणि काट्यांना अख्खा करंट जाऊन दोन्ही चढत होते. गाडी खड्ड्यात आदळली की स्क्रू कुठंतरी टेकायचा, तेवढ्यापुरते काटे खरं बोलायचे. त्यांनी चाकूनं रंग खरवडला, डबी पुन्हा बसवली. पेट्रोलचा काटा निमूटपणे खाली आला. सुखदेव तिथंच सीटवर बसून लहान पोरासारखे रडले.

त्याच दुपारी ते सौंसरला गेले. "माह्यं चुकलं, वामन. मीच रंग लावला अन् मीच तुह्यावर..."

"जाऊ द्या जी, भाऊजी," वामन म्हणाला. त्यानं चहा केला, बसस्टँडपर्यंत सोडायलाही आला. सुखदेवना वाटलं, सुटलो बाबा.

बुद्ध पौर्णिमेला शोभाबाईंना लोधीखेड्याच्या विहारात जायचं होतं. वामन ठरल्या वेळेला आला, बहिणीच्या हातचं पाणी प्यायला, गाडीची चावी घेतली. टाकीवर आता कुलूप नव्हतं. कडीसुद्धा सुखदेवनी कापून टाकली होती. वामननं चावी फिरवली आणि बसल्या जागेवरून हाक मारली.

"भाऊजी, निघायच्या आधी काटा पाहून घ्या."

बोलण्यात टोमणा नव्हता, असता तर बरं झालं असतं. तो साध्या आवाजात म्हणाला, शाळेची बस घेताना म्हणत असेल तसं.

"मले काही पाहाचं नाही," सुखदेव घाईघाईनं म्हणाले. "तू जाय."

पण म्हणता म्हणता त्यांची नजर काट्याकडे गेलीच. वामननं ती जाताना पाहिली, मान हलवली आणि गाडी रस्त्याला लावली.