बिननावाचं पान

मित्रांनो, मी लेखनसाहित्याचा एक भेटसंच आहे. आता जुना झालोय, आणि पुराही उरलेलो नाही. पुठ्ठ्याची पेटी, तिच्यात कोऱ्या पानांची वही, पेन्सिल, खोडरबर आणि पोलादी पेन, असा माझा संसार होता. झाकणावर सोनेरी अक्षरांत लिहिलंय, 'सुचेल ते टिपून ठेवा'. पेन आता माझ्यात नाही. तो कसा गेला हे सांगणं जिवावर येतं, पण सांगतो.

माझा जन्मच घाव सोसत झाला. कारखान्यात धारदार पात्याने माझे कागद खाडकन कापले, सुयांनी वहीची पाठ भोसकून शिवली. पेनाचं टोक चाकावर घासून घासून अणकुचीदार केलं. त्या टोकाचा मला केवढा अभिमान होता!

मला एका बहिणीने आपल्या थोरल्या भावासाठी विकत घेतलं. तो सुतार. घरामागच्या शेडमध्ये तो आणि धाकटा भाऊ मिळून काम करत. "अरे, भिंतीवर किती रेघोट्या ओढशील? घे, यात काढ," ती म्हणाली. थोरला हरखून गेला. मला त्याने सरसाच्या डब्याशेजारी फळीवर मानाने ठेवलं.

थोरल्याचं डोकं सुपीक, पण राग नाकाच्या शेंड्यावर! मापात सूतभर चूक झाली की हातोडी भिंतीवर आदळायची. एकदा तर त्याने चांगली करवत गुडघ्यावर मोडली. धाकटा हसून म्हणाला, "दादा, करवतीने तुझं काय घोडं मारलं होतं?" त्यावर त्याला एक सणसणीत थप्पड बसली. तो गाल चोळत पुन्हा रंधा मारू लागला.

त्यांच्या आईचे गुडघे कामातून गेले होते. खुर्चीतून उठवायला दोघं लागत. थोरल्याने तीन महिने खपून माझ्या वहीत एक खुर्ची रेखली. हात टेकून जोर दिला की बैठक अलगद पुढे कलणार आणि आई आपली आपण उभी राहणार. तिला चकित करायचं म्हणून त्याने कुणालाच काही सांगितलं नाही. पानावर नावही घातलं नाही.

आणि तिथेच घात झाला. शेडचा एक नियम होता, थोरल्यानेच केलेला. प्रत्येक मापाच्या कागदावर वरच्या कोपऱ्यात गिऱ्हाइकाचं नाव हवं. नाव नाही तो कागद रद्दी.

एका सकाळी जेवणाचं टेबल न्यायला टेम्पो दारात उभा, आणि टेबलाचा एक पाय डुगडुगत होता. धाकट्याने घाईघाईने वही चाळली, बिननावाचं पान फाडलं, घड्या घालून सरस लावला आणि सांध्यात ठोकून बसवलं. टेबल गेलं.

दुपारी थोरल्याने वही उघडली. "माझं पान कुठंय?"

"ते बिननावाचं? पाचर केली त्याची. टेबल गेलं की सकाळीच."

"मला विचारायचं नाही?"

"विचारायचं काय त्यात? नियम तुझाच ना, दादा!"

स्वतःच्याच नियमात सापडल्यावर थोरल्याचं भान सुटलं. त्याने धाकट्याला धरून भिंतीवर आपटलं, लाथ घातली, तोंडावर बुक्के मारले. धाकट्याच्या ओठातून रक्त आलं. मग त्या आंधळ्या हाताला फळीवरचा माझा पेन लागला. तोंड वाचवायला धाकट्याने उजवा हात पुढे केला, आणि ते टोक, माझ्या अभिमानाचं ते टोक, त्याच्या अंगठ्याच्या मुळाशी आरपार घुसलं. त्याच्या किंकाळीने माझी पानं थरथरली. रक्त वहीवर सांडलं आणि खालपर्यंत झिरपलं.

आई धावत आली. हो, धावत! तिला कोणीच उठवलं नव्हतं. तिने अंगावरची शाल धाकट्याच्या हाताला आवळून बांधली.

"तुझ्या खुर्चीचं चित्र होतं गं त्यात," थोरला रडत म्हणाला.

"मी खुर्ची मागितली होती का तुझ्याकडे?" ती ओरडली. "याचा हात परत दे मला!"

शीर तुटली होती. टाके पडले, जखम भरली, पण अंगठा काही मिटेना. पेन दवाखान्यातच राहिला.

मित्रांनो, ज्या चित्रासाठी एवढा रक्तपात झाला, ते थोरल्याने दुसऱ्याच दिवशी तासाभरात पुन्हा काढलं. सगळी मापं त्याच्या डोक्यात होतीच. खुर्चीही बनली. आई तिच्यावर कधी बसली नाही.

म्हणून माझी एवढीच विनवणी आहे. सुचेल ते माझ्यात जरूर लिहा, आणि लिहिलेलं शेजारच्या माणसाला दाखवा. आणि डोकं भडकलं की हातात असेल ते आधी खाली ठेवा, मग तो पेन का असेना. मी कागद आहे, माझं एक पान गेलं तर पुढचं घ्या.

थोरला आता रोज सकाळी धाकट्याच्या सदऱ्याची बटणं लावून देतो. त्या वेळी दोघंही एकमेकांच्या तोंडाकडे पाहत नाहीत.