तीनशे बारा कार्डांचं म्हणणं

मी एक जुना गठ्ठा आहे. कार्डांचा गठ्ठा. पत्त्यांचा नव्हे आणि लग्नपत्रिकांचाही नव्हे. हे आधीच सांगून ठेवतो, कारण हे दोन्ही अपमान मी पुष्कळ सोसले आहेत. माझ्यात तीनशे बारा कार्डं आहेत आणि प्रत्येक कार्डाला बारीक चौकोनी भोकं आहेत. मित्रांनो, ही भोकं उंदरांनी पाडलेली नाहीत. ती विचार करून, मोजून-मापून पाडलेली आहेत. त्या काळी कॉम्प्युटरशी बोलायचं म्हणजे आमच्या अंगाला भोकं पाडूनच बोलावं लागे. अमक्या जागी भोक म्हणजे अमका आकडा, तमक्या जागी म्हणजे तमकं अक्षर.

आता तुझा काय उपयोग, असं मला विचारू नका. मी उपयोगाचं सांगायला बसलेलो नाही. मी खरं बोललो की खोटं, तेवढंच सांगायला बसलो आहे.

माझा जन्म एकोणीसशे चौऱ्याऐंशी साली झाला, भिलाईजवळच्या एका इंजिनियरिंग कॉलेजात. तिथे एक थंडगार खोली होती. आत जाताना देवळात जातात तसे चपला-बूट बाहेर काढावे लागत. पोरांचे मोजे फाटके असले की त्यांची फजिती होई. आत देवांगन बाबू खट खट करत कार्डांना भोकं पाडत. भोकांबरोबर वरच्या कडेला तोच आकडा बारीक अक्षरांत छापलाही जाई. मला घडवणारी मुलगी वसुंधरा. मेटलर्जीचं, म्हणजे धातुशास्त्राचं शेवटचं वर्ष, वर्गात एकटीच मुलगी. कॉलेजात तेव्हा कॉम्प्युटरची वेगळी शाखा नव्हती. पण लोखंडाचं वागणं कॉम्प्युटरवर गणित मांडून ओळखायचं, भट्टीत न डोकावता सांगायचं, हे वेड तिच्या डोक्यात शिरलं होतं. पुढे शिकायचं तर हेच शिकायचं, असं तिनं ठरवून टाकलं होतं.

तिचे बाबा मारोतराव. भंडाऱ्याकडच्या शेतकरी घरातले, वीस वर्षांपासून पोलाद कारखान्यात. पोलादाचे मोठाले ठोकळे तापवायच्या भट्टीवर त्यांची ड्यूटी. लाल ठोकळा भट्टीतून बाहेर आला की तो उघड्यावर कसा निवतो, ते तापमान मोजायच्या दुर्बिणीतून पाहून दर पाच मिनिटांनी वहीत लिहायचं, हे काम त्यांनी पोरीसाठी साहेबांची परवानगी काढून तीन महिने केलं. ड्यूटी संपल्यावर, घामाच्या हातानं. वहीच्या पानांना ग्रीसचे डाग आहेत. मी स्वतः पाहिलेत.

वसुंधरानं ते आकडे वहीतून उतरवून घेतले, गणित रचलं, आणि देवांगन बाबूंनी मला भोकं पाडली. माझं काम सोपं होतं. बाबांचा पहिला आकडा घ्यायचा, तिथून ठोकळा कसा निवेल ते गणितानं सांगायचं, आणि शेजारी बाबांचे बाकीचे आकडे छापायचे. दोन्ही जुळले की पोरगी जिंकली. रिपोर्टच्या पहिल्या पानावर तिनं लिहून ठेवलं होतं: तापमानाच्या नोंदी, श्री. मारोतराव कोहळे.

मला मशिनीत घातलं. मशीन मला घडाघडा वाचून गेली. आणि जो कागद बाहेर आला तो पाहून वसुंधराचा चेहरा पांढराफटक पडला.

गणित एकीकडे, बाबांचे आकडे भलतीकडे. एवढंच असतं तरी चाललं असतं. पण बाबांच्या आकड्यांत ठोकळा 1173 अंशांवर आल्यावर पुढच्या पाच मिनिटांत चक्क 1180 झाला होता. उघड्यावर पडलेलं लोखंड आपलं आपण तापलं! तिचे गाइड होते चंद्राकर सर. माणूस वाईट नव्हता, पण घाईचा होता. त्यांनी कागद टेबलावर आपटला.

"या तो तुम्हारा प्रोग्राम गलत है, या तुम्हारे बाबूजी की कॉपी. प्रोग्राम मैंने देखा है, ठीक है. मतलब कॉपी मनगढ़ंत है. घर बैठे लिखी होगी." कॉपी म्हणजे बाबांची वही, आणि मनगढंत म्हणजे मनानं रचलेली. मग त्यांनी पुस्तकातलं एक तयार उदाहरण तिच्या पुढ्यात टाकलं. "ये आंकड़े डालो, सोमवार को जमा करो. और पहले पन्ने से वो नाम हटाओ. नहीं तो साल गया समझो."

"नाम नहीं हटेगा, सर," वसुंधरा म्हणाली.

बस्स, एवढंच म्हणाली. मला उचललं आणि बाहेर पडली. मित्रांनो, खोटं कशाला सांगू, त्या क्षणी मला माझ्या तीनशे बारा कार्डांचा अभिमान वाटला. पण रागही आला. मनगढंत म्हणे! अहो, माझ्या अंगावर जे भोक आहे तेच मी बोलतो. त्याहून एक आकडा जास्त नाही, एक आकडा कमी नाही.

घरी आल्यावर तिनं मला लाकडी चौकीवर ठेवलं आणि तोंड फिरवून बसली. मैनाबाई, तिची आई, तांदूळ निवडत होती.

"काय झालं वं? तोंड कायले पाडून बसली?"

"काही नाही वो माय."

"काही नाही तं मंग जेवत कावून नाही?"

मारोतराव नुकतेच ड्यूटीवरून आले होते. शेवटी तिनं सगळं सांगितलं. फक्त 'मनगढंत' हा शब्द गिळायला गेली, पण तो निघालाच. मारोतरावांनी हातातला डबा खाली ठेवला. मग म्हणाले, "सर म्हणते तं पुस्तकातले आकडे टाक बाप्पा. तुह्यं साल वाचलं पायजे. माह्या नावाचं काय एवढं?"

"नाही टाकत," वसुंधरा म्हणाली. "तीन महिने तुमी भट्टीपाशी उभे राहिले, ते का खोटं होतं? साल गेलं तं जाऊ द्या. तुमाले खोटं म्हणून मले पास व्हायचं नाही."

मारोतरावांनी डोळे पुसले आणि घाम पुसल्याचं सोंग केलं. मग ते उठले, खुंटीवरच्या पिशवीतून वही काढली आणि चष्मा लावला. "तुह्या कार्डावर काय लिवलं हाये ते काढ. मी वाचतो. एकेक पाहू."

तिनं मला उलगडलं. माझी आकड्यांची कार्डं ओळीनं चौकीवर मांडली. मारोतराव वाचू लागले.

"बाराशे चायीस."

चायीस म्हणजे चाळीस. वसुंधरानं कार्डाची वरची कड पाहिली. "बाराशे ऐंशी म्हणा, बाबा."

"ऐंशी कायले म्हणू? चायीस हाये."

"इथं ऐंशी लिहून आहे."

"तुह्या तिथं असंन. माह्या इथं चायीस हाये. पुढं, बाराशे दहा. अकराशे त्र्याहत्तर. अकराशे चायीस."

वसुंधरा उडी मारून त्यांच्यापाशी गेली. वहीत वाकून पाहिलं. तिथं लिहिलं होतं: 12४0. खाली: 11४0.

मित्रांनो, आता नीट ऐका. मारोतराव गावच्या शाळेत मराठी आकडे शिकले. कारखान्यात आल्यावर इंग्रजी आकडे शिकले. एक, दोन, तीन, पाच, सगळे इंग्रजी झाले, पण इंग्रजी चार काही त्यांच्या हाताला बसला नाही. तो मराठीच राहिला. त्यातून घाईत लिहिलेला, वरचं तोंड मिटलेला. आणि वसुंधरा कारखान्याच्या इंग्रजी शाळेत शिकलेली. मराठी घरी बोलायची, पण मराठी आकडा तिच्या हातातून कधी गेलाच नव्हता. बाबांचा चार तिनं आठ म्हणून उतरवला. एकदा नाही, सात कार्डांवर. पहिलाच आकडा चाळीसनं चुकला, मग पुढचं माझं गणित कुठून जुळणार?

"हा चार आहे, बाबा?"

"चार नाही तं काय? तुले आपला चार वळखू येत नाही, वसू?"

ती हसायला लागली आणि हसता हसता रडायला लागली. मैनाबाई तांदळाचं सूप खाली ठेवून म्हणाली, "एवढी शिकली अन् बापाचा चार नाही वाचता आला! बापापाशी बसून वाचलं असतं तं एवढी धावपळ झाली नसती." आणि मग तिघंही हसले. मीही हसलो असतो, पण कार्डांना हसता येत नाही.

सात नवी कार्डं पंच करायची होती. शनिवारी देवांगन बाबूंनी खोलीला कुलूप लावता लावता पुन्हा उघडलं. "सात ही हैं ना? बैठो, नोनी." नोनी म्हणजे छत्तीसगढीत पोरी. खट खट खट. जुनी सात चुकीची कार्डं त्यांनी टोपलीत टाकली, ती वसुंधरानं परत उचलली.

"इनका क्या करोगी?"

"रखूंगी."

घरी मारोतरावांनी आणखी एक गोष्ट केली. कारखान्यात ठोकळ्यांवर खूण करायचा खडू आणला आणि माझ्या डोक्यावरून, पहिल्या कार्डापासून शेवटच्या कार्डापर्यंत, एक तिरकी रेघ ओढली. "पडले तं रेघ जुळवून लावजो," म्हणाले. सोमवारी कॉलेजच्या पायऱ्यांवर मी खरंच पडलो. तीनशे बारा कार्डं चहूकडे! बघ्यांनी टाळ्या पिटल्या. वसुंधरानं रेघ पाहून पाच मिनिटांत मला जसाच्या तसा उभा केला. टाळ्या बंद झाल्या.

मशिनीतून कागद आला. गणित आणि बाबांचे आकडे हातात हात घालून खाली उतरत गेले. कुठेही सहा अंशांपेक्षा जास्त फरक नव्हता. चंद्राकर सरांनी तो कागद दोनदा वाचला.

"गलती किसकी थी?"

"मेरी, सर. मुझे अपने बाबा का चार पढ़ना नहीं आया. उनकी कॉपी में एक भी गलती नहीं है."

सर रिपोर्टचं पहिलं पान उघडून म्हणाले, "नाम रहने दो." बाहेरून आलेल्या परीक्षकांनी त्या नावावर बोट ठेवून विचारलं, हे कोण? तेव्हा वसुंधरानं मान वर करून उत्तर दिलं. ती पास झाली. पुढे जे शिकायचं ठरवलं होतं तेच ती दूरच्या विद्यापीठात शिकली, आणि आता तेच शिकवते.

आणि मी? मी माळ्यावर गेलो. पाली अंगावरून फिरल्या, उन्हाळे सोसले. घरी आलेल्या पाहुण्यांच्या पोरांनी मला पत्ते समजून खेळायचा प्रयत्न केला. उरलेल्या कोऱ्या कार्डांवर मैनाबाईनं किराणा लिहिला. दहा वर्षं मला वाचायला म्हणून कोणी माझी गाठ सोडली नाही. मी तक्रार केली नाही, पण विसरलोही नाही.

मग मारोतराव रिटायर झाले. कारखान्याचं क्वार्टर सोडून भिलाईजवळच्या कुरुदला स्वतःच्या घरी जायचं ठरलं. रद्दीवाला आला. मैनाबाईनं मला त्याच्या पोत्यावर ठेवलं. "भोकं पडलेली हायेत, काय करायची?"

मारोतराव आतून ओरडले, "ए, हात नको लावू!" पोत्यावरून मला उचललं, फुंकर मारून धूळ उडवली, त्या सात चुकीच्या कार्डांसकट बुटांच्या खोक्यात ठेवलं आणि त्यावर तोच खडू चालवला. आजही ते खोकं कुरुदच्या कपाटात आहे.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, हे मी सांगणारच. पण त्याहून एक मोठी गोष्ट मागतो. कोणाला खोटं म्हणण्याआधी त्याच्या हाताचं अक्षर त्याच्यापाशी बसून एकदा वाचून घ्या. माझ्या खोक्यावर काय लिहिलं आहे ते तुम्हीच वाचा:

"वसुंधराची कार्डं. रद्दी नाही. 198४."

शेवटचा आकडा काय आहे, सांगा बघू!