उलटी जर्सी

आमच्या पोरींच्या फुटबॉल संघाला लीगच्या तक्त्यात तिसरा नंबर दिला, दुसरा नाही, आणि त्यावरून गल्लीत जो तो मला शहाणपण शिकवायला लागला. म्हणून एकदा काय झालं ते मीच लिहून टाकते. शाळेचं तोंड मी फार पाहिलेलं नाही. पण सुई धरता येते त्याला पेनही धरता येतं.

त्या बारा पोरींच्या जर्स्या मी शिवते. पाठीवरचे आकडेही माझेच. दुकानातले चिकटवलेले आकडे दोन धुण्यांत सोलून निघतात. फडकं फाटेल पण माझे निघणार नाहीत. कप्तान माझी नात. तिला सगळे ठिणगी म्हणतात, आणि नाव ठेवणाऱ्यानं विचार करूनच ठेवलंय. तिची आई, म्हणजे माझी सून, बिस्किटांच्या कारखान्यात पॅकिंगला आहे. रविवारीही पाळी. पोर तीन वर्षं खेळतेय, आणि आईनं तिला मैदानात एकदाही पाहिलेलं नाही. घरात फुटलेल्या बरण्या तेवढ्या पाहिल्यात.

आता यंदा वरचे चार संघ बाद फेरीत जायचे होते. पहिल्याशी चौथा, दुसऱ्याशी तिसरा. आणि वरच्या नंबरवाला आपल्या घरच्या मैदानावर खेळतो. आमचं मैदान म्हणजे कारखान्याच्या मागची उतारावरची जागा. एका टोकाला गवत, दुसऱ्या टोकाला नुसती खडी. पण दुपारच्या सुट्टीत कारखान्यातून पळत आलं तर अर्धा खेळ बघता येतो. सुनेनं महिनाभर आधीच ठरवून ठेवलं होतं. डबा मशीनपाशीच खायचा आणि सुट्टी झाली की मागच्या फाटकातून बाहेर.

म्हणून दुसरा नंबर हवा होता. चषक वगैरे नंतर.

शेवटचा सामना झाला आणि कोच तोंड पाडून आमच्या दारात आला. कोच म्हणजे वायरमन. दिवसा लोकांचे फ्यूज बांधतो, संध्याकाळी पोरींना पळवतो.

"आजी, गुण सारखे झालेत. आपले आणि क्लबवाल्यांचे."

क्लबवाले म्हणजे शहराच्या दुसऱ्या टोकाचे. त्यांचं गवत आमच्या अंथरुणापेक्षा मऊ.

"मग? चिठ्ठ्या टाका."

"तसं नसतं. आधी बघतात, आपसातल्या सामन्यात कोण जिंकलं. ती बरोबरी होती. मग गोलफरक बघतात. घातलेले किती, खाल्लेले किती, वजा करून उरतात किती."

"आणि उरले किती?"

"एकानं कमी पडलो." त्यानं ठिणगीकडे पाहिलं. ठिणगी बुटाची नाडी सोडत होती, ती सोडतच राहिली.

मला कळलं. कालव्यापलीकडच्या पोरींचा सामना.

त्या दिवशी त्यांचा टेम्पो वाटेत बंद पडला आणि सहाच पोरी चालत पोचल्या. सातपेक्षा कमी असल्या तर सामना होत नाही, समोरच्याला फुकटचे तीन गोल मिळतात. पण आमच्या मैदानावर एक रीत आहे. समोर माणूस कमी पडलं तर आपलं द्यायचं. जी पलीकडे जाईल तिनं जर्सी उलटी घालायची, म्हणजे ओळखू येतं. आणि द्यायचं तर चांगलं द्यायचं, नासका बटाटा नाही. म्हणून कप्तान आधी जाते. आमच्या तिघी गेल्या, नऊ-नऊ झाल्या, रेफरीही शिट्टी फुंकायला मोकळा. आणि ही माझी गुणाची नात! उलट्या जर्सीत स्वतःच्याच संघावर दोन गोल ठोकून आली. आमची गोलकीपर आठ दिवस तिच्याशी बोलत नव्हती. शेवटी आम्ही कसेबसे तीन-दोननं जिंकलो.

"दोन कशाला घालायचे गं भवाने? एकावर भागलं नसतं?" मी विचारलं.

"आजी, खेळायला गेले की खोटं खेळायचं?"

मी खाली बसून तिच्या बुटाची नाडी सोडवली.

दुसऱ्या दिवशी वायरमनला आणि ठिणगीला घेऊन मी लीगच्या ऑफिसात गेले. जिन्याला दिवा नाही, आत मात्र टेबलावर काच. सेक्रेटरी साहेब कोट घालून बसलेले, समोर चहा गार होत असलेला.

"साहेब," मी म्हटलं, "आमच्या पोरींनी आपल्या हातानं दोन गोल पलीकडे दिले. ते आमच्याच खात्यावर खाल्लेले म्हणून कसे धरता?"

"बाई, तक्त्याला कोणी कशासाठी दिलं ते दिसत नाही. तक्त्याला आकडा दिसतो."

"मग त्याला चष्मा लावा."

वायरमननं खोकल्याचं सोंग आणलं. साहेब मात्र चिडले नाहीत. उलट वाकून हळू बोलले, आणि मला तेव्हाच वास आला.

"एक वाट आहे. त्यांच्या पोरी सहाच होत्या ना? मग नियमानं तो सामना झालाच नाही. कोच आणि कप्तान दोघांनी तसं लिहून द्या. तीन-शून्य धरतो. तुमचा फरक दोननं वाढतो, क्लब खाली जातो. दुसरा नंबर तुमचा, मैदान तुमचं."

एवढं सोपं! डोळ्यांपुढे सून आली, मागच्या फाटकातून पळत येताना. मी वायरमनकडे पाहिलं. तो काचेखालच्या कॅलेंडरकडे बघत होता.

"आणि त्यांचं काय?" ठिणगीनं विचारलं. "कालव्यापलीकडच्यांचं?"

"त्यांचा एक सामना आधीच असा गेलाय. दुसरा गेला की पुढल्या वर्षी लीगमधून बाहेर. नियम आहे."

"पण सामना झाला ना. मी खेळले. माझे दोन गोल आहेत."

"अगं, ते तुमच्याच विरुद्ध आहेत!"

"असू देत. माझेच आहेत."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. म्हणाले, "आजी, तुम्ही मोठ्या आहात. समजवा तिला."

मला राग आला तो त्या शब्दाचा. मोठ्यांनी समजवायचं म्हणजे काय, तर पोरांना आपल्याइतकं लहान करायचं? ज्या सहा पोरी पायांत गोळे येईपर्यंत चालत आल्या, त्या आल्याच नाहीत असं माझ्या नातीनं आपल्या हातानं लिहायचं? आणि मग मी शिवलेली जर्सी घालून मिरवायचं?

"साहेब," मी उठले, "तिसरा नंबर लिहा. शाई चांगली वापरा, पुसट नको. आम्ही कोणाच्या पाठीवर पाय देऊन घरी खेळणार नाही. आणि तो चहा प्या, साय धरलीय."

जिना उतरताना वायरमन म्हणाला, "आजी, घरी काय सांगणार?"

"तू तारा जोड. घर मी बघते."

म्हटलं खरं, पण रात्री सुनेपुढे बसले तर आधी धुण्याचं बोलले, मग दुधाचं, आणि मग कुठे ऑफिसातलं. तिनं केसांची जाळी काढून खुंटीला अडकवली, सगळं ऐकून घेतलं. मग लेकीला विचारलं, "दोन्ही गोल तूच घातलेस?"

"हो."

"मला एकही बघायला मिळाला नाही." पाणी पिऊन तिनं भांडं खाली ठेवलं. "आई, रविवारी मी कामावर जाणार नाही."

"पगार कापतील."

"कापू देत. सुपरवायझरला मी तीन वर्षांत काही मागितलं नाही, म्हणून त्याला वाटतं मला काही नकोच असतं."

माझी सून चार शब्दांवर पाचवा बोलत नाही. त्या रात्री मी तिला पहिल्यांदा नीट ऐकलं, आणि म्हटलं, चला, या घरात बाई तयार झाली.

पण जायचं कसं? पोरी वायरमनच्या ओळखीच्या गाडीत मावल्या. आम्हा बायकांना बस नव्हती. त्या टोकाला रविवारी बस जातच नाही. आणि रविवारी सकाळी गल्लीच्या तोंडाशी टेम्पो उभा. कालव्यापलीकडचा, तोच. मागे त्यांच्या पोरी दाटीवाटीनं. त्यांची कप्तान, दात पुढे असलेली, ओरडली, "आजी, चढा! आम्हाला सगळं कळलंय."

"याचं इंजिन चालतं का गं?"

"आज चालतंय."

निम्म्या वाटेत बंद पडलं. सून, तिच्या पॅकिंगमधल्या तिघी मैत्रिणी, मी, सगळ्या पोरी, धक्का मारत मारत चढ पार केला. क्लबच्या फाटकावरच्या पहारेकऱ्यानं आमच्या काळ्या हातांकडे पाहून विचारलं, "कुठल्या संघाचे?"

"तीन नंबर," मी म्हटलं. "नाव ऐकलं असशील."

आत गेलो तेव्हा दुसरा अर्धा खेळ सुरू झाला होता आणि आम्ही दोन गोलांनी मागे. सून दोरीला चिकटून उभी राहिली. "आई, ती कुठली?"

"आठ आकडा. मीच शिवलाय, सरळ आहे बघ."

तेवढ्यात ठिणगीनं उजवीकडून चेंडू काढला, एकीला चकवलं, दुसरीच्या पायांमधून नेला आणि जाळ्यात असा घातला की जाळं मागच्या मागे फुगलं. सून ओरडली. काय ओरडली ते तिलाही आठवत नाही. तीन वर्षांचं एकदम बाहेर आलं. ठिणगी थांबली, वळली, आई दिसली, आणि ही पोर मैदानाच्या मधोमध रडायला लागली. रेफरीला शिट्टी वाजवून तिला जागेवर जा म्हणावं लागलं.

हरलो. दोन-एक. कोणाला टोमणा मारायचा असेल तर मारून घ्या.

सामन्यानंतर सेक्रेटरी साहेब पदकांची पिशवी घेऊन आले. मला बघून थांबले. "आजी, सही केली असती तर आज घरच्या मैदानावर असता."

मी टेम्पोकडे हात केला. सून, मैत्रिणी, आमच्या पोरी, कालव्यापलीकडच्या पोरी, सगळ्या त्याच्याभोवती. टेम्पो अर्थातच बंद.

"साहेब, घरचेच आहेत सगळे. धक्क्याला एक हात कमी पडतोय तेवढा. आणि आमच्यात कमी पडलं की पलीकडच्यानं यायचं असतं."

ते इकडे तिकडे बघायला लागले. मग पिशवी खाली ठेवून एक पाऊल पुढे आले.

"असे नाही," मी म्हटलं. "आधी कोट उलटा घाला."