कपाटाची दुसरी किल्ली

टेलरबाई साक्षीच्या पिंजऱ्यात उभी राहिली ती खोटं बोलायचं पक्कं करूनच. दिराने आठवडाभर घोकून घेतलं होतं. "वहिनी, दोनच वाक्यं. दादा रोज घरी झोपायचा, आणि त्या खोलीशी त्याचा काही संबंध नाही."

खोली बाजारामागच्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर होती. तिथल्या कुलूपबंद कपाटात पोलिसांना एक पिस्तूल आणि नशेच्या पावडरीची अकरा पाकिटं सापडली. नवरा तेव्हा गॅरेजमध्ये गाडीखाली होता, पण खोलीची आणि कपाटाची किल्ली त्याच्या जुडग्यात निघाली. "वस्तू खिशातच सापडायला हवी असं नाही," सरकारी वकील पहिल्या दिवसापासून सांगत होते. "ती तिथे आहे हे त्याला ठाऊक होतं आणि कपाट त्याच्या ताब्यात होतं, एवढं पुरे." नवऱ्याचं म्हणणं, एका मित्राने किल्ली ठेवायला दिली होती. कोण मित्र, ते विचारून विचारून त्याच्या वकीलबाई थकल्या. तो तोंड उघडेना.

टेलरबाईने दोन वाक्यं म्हटली. मग सरकारी वकिलांनी पिशवीतून निळ्या चौकड्यांचा शर्ट काढला. "हा त्याच कपाटात होता. ओळखता?"

नाही म्हणायचं ठरलं होतं. पण कापड हातात आलं की तिची बोटं आधी शिवण शोधायची. शर्ट तिनेच शिवलेला. कॉलर मात्र कोणीतरी उसवून, उलटी करून पुन्हा लावली होती; विरलेली बाजू आत, कोरी बाहेर. टाके हातचे, बारीक, एकसारखे. तिला स्वतःला मशीनशिवाय हे साधलं नसतं. असलं काम उरकायचं म्हणून होत नाही. कोणीतरी शर्ट मांडीवर घेऊन अख्खी दुपार बसलं होतं.

तिच्या अंगाचा तिळपापड झाला. तिने मान वर केली. नवरा तिच्याकडेच बघत होता. तिला काय दिसलं हे त्याला कळलं होतं. त्याने बारीकशी मान हलवली. नको.

जामीन नाकारला तेव्हाही त्याचा चेहरा असा झाला नव्हता. वीस वर्षांत बायकोसाठी याने शेजाऱ्याशी साधं भांडण अंगावर घेतलं नव्हतं, आणि ही कॉलर लावणाऱ्या बाईसाठी गपचूप तुरुंगात जायला निघाला होता.

"ओळखते," ती म्हणाली. "मीच शिवलाय. आणि साहेब, मघाशी मी खोटं बोलले. आठवड्यातले तीन दिवस हे घरी नसायचे."

दिराने कपाळावर हात मारून घेतला. सरकारी वकील समाधानाने खाली बसू लागले.

"पण ही कॉलर माझी नाही. बाईच्या हातची आहे. त्या खोलीत बाई राहते. कपाट तीच लावत असणार, तिला विचारा!"

न्यायाधीशांनी खोट्याबद्दल तिला चांगलंच खडसावलं. वकीलबाईंनी मात्र घरमालकाला पुन्हा बोलावून घेतलं. तो चाचरत म्हणाला, खोली एका बाईलाच दिली होती, दुसरी किल्ली तिच्याकडे, आणि धाडीच्या सकाळी ती तिथेच होती. पोलिसांनी यातलं काहीच लिहिलं नव्हतं. कपाट दोघं उघडत होती. माल नवऱ्याचाच, त्याला ठाऊक होताच, हे सिद्ध झालं नाही. तो सुटला.

कोर्टाच्या जिन्यावर तो तिच्यासमोर थांबला. "तिला कशाला ओढलंस?"

"तुम्हाला दहा वर्षं झाली असती."

"झाली असती," तो म्हणाला आणि जिना उतरून गेला. घरी आलाच नाही.

त्या बाईला पुढच्याच आठवड्यात अटक झाली. पिस्तूल खरं कोणाचं, हे टेलरबाईला कधी कळलं नाही, आणि त्याचं तिला काही पडलंही नव्हतं. तिला ती बाई बघायची होती. एका तारखेला ती मुद्दाम गेली, मागच्या बाकावर बसली.

पोलिसांनी आणलेली बाई तिच्याच वयाची निघाली. जाड चष्मा, सुजलेले पाय, पिकलेले केस. देखणी असती तर टेलरबाईने स्वतःची कशीबशी समजूत घातली असती. नवरा पुढच्या रांगेत होता. ती आत येताच तो उठून उभा राहिला, आणि न्यायाधीश येऊन बसले, शिपायाने दोनदा हटकलं, तरी खाली बसायचं त्याच्या लक्षातच आलं नाही.