नळीतलं जेवण

ज्या वर्षी आमच्या नातीचा, अवनीचा, बाप्तिस्मा झाला, त्याच वर्षी, म्हणजे २०२३ साली, तमिळ मुलखात, तांबरमच्या एका इस्पितळात मी तिथेच नोकरीला असलेल्या माझ्या मुलाशी भांडत उभी होते.

"आई, डॉक्टर म्हणतात तोंडाने काहीही द्यायचं नाही," मंदार म्हणाला. "प्रभुभोजनाचा कणभर पाव छातीत उतरला तर बाबा गुदमरतील."

"मग नळीतून द्या म्हणावं पाद्रीसाहेबांना. पाण्यात कुस्करून."

अर्धांगवायूने यांचा गळा गेला होता. गिळता येईना, बोलता येईना. नाकातल्या नळीतून पेज जाई. जालन्याच्या चर्चमध्ये प्रभुभोजनाचा पाव कापायचं काम यांचं. मला पन्नाशीत अक्षरं शिकवली तीही यांनीच, स्तोत्रांवर माझं बोट ठेवून. प्रभूच्या आठवणीचा तो पाव-द्राक्षारस, ते प्रभुभोजन घेतल्याशिवाय यांनी जाऊ नये, एवढंच माझं मागणं उरलं होतं.

मंदारने पाद्रींना तमिळमध्ये विचारलं. पाद्री तरुण होते, भले होते. ते घाबरले. नळीतून कधी दिलेलं नाही, बिशपांना विचारून कळवतो, म्हणाले. प्रार्थना केली, आणि पाव-द्राक्षारसाची पेटी न उघडताच घेऊन गेले. मंदारही कारखान्यात गेला.

मी बायबल पिशवीत कोंबलं. ज्या प्रभूने हजारोंना रानात जेवू घातलं, त्याला माझ्या माणसापर्यंत पोचायला परवानगी लागत होती. माझ्या जेवणाच्या डब्याला मी हात लावला नाही.

दुपारी इस्पितळातली आया विजयालक्ष्मी पेज घेऊन आली. ती तंजावूरकडची मराठी, कपाळावर विभूती लावणारी. तिने थेंबभर पेज मनगटावर टाकून पाहिली.

"बावा, जेवा आता. आज कंजीत गाजर आहे हं."

"जेवतात कुठले? ओततेस तू," मी म्हणाले.

"अय्यो, अक्का! मी टाकीत पाणी ओतते काय?" ती डाफरली. "माणूस जेवतोय. तुम्ही रोज डबा उघडताना डोळे मिटून कायकी म्हणता. यांच्या कंजीला का म्हणत नाही? नळी आहे म्हणून देवाला दिसत नाही?"

आजारी पडल्यापासून यांच्या अन्नावर कोणी प्रार्थना केलीच नव्हती. मीसुद्धा नाही.

"थांब," मी म्हणाले. यांचा हात हातात घेतला. "प्रभू, या अन्नाबद्दल आम्ही तुझे आभार मानतो..." पुढे मी अडले. घरी प्रार्थना इथवर आली की हे मोठ्याने 'आमेन' म्हणत, मगच मी वाढायला घेई. मी वाट पाहिली. यांचे डोळे छताला लागलेले होते.

"झालं काय, अक्का? कंजी गार होते."

"आमेन राहिलंय. ते म्हणायचे."

"मी म्हटलं तर चालतं?"

मी मान डोलावली. विजयालक्ष्मी आमेन म्हणाली आणि पेज सोडू लागली. पेज सावकाश उतरत होती. प्रभू तेव्हा त्या खाटेपाशी होता, असं मी मानते. यांना ते कळलं का, कोण सांगणार?

बिशपांचा निरोप आला नाही. माझे यजमान दिनानाथ २४ सप्टेंबर २०२३ रोजी, रविवारी सकाळी, उपासनेच्या वेळेला वारले.