सहाणेवरचे चार वेढे

रुपाली रात्रभर झोपायला लागली, तेव्हा वसुधाने देवापुढे साखर ठेवली. श्रूजबरीच्या त्या घरात हीटर सुरू झाल्यापासून पाच महिन्यांची ती पोर नुसती रडत होती. गाल लाल, कातडी कोरडी, नखांनी ओरबाडून रक्त काढलेलं. नवरा आठवड्यातले चार दिवस कामासाठी शिकागोत. वसुधा वूस्टरच्या एका ऑफिसात कॉम्प्युटरवर काम करायची, आणि ऑक्टोबरात तिला भर मीटिंगमध्ये डुलकी लागली. पुन्हा असं झालं तर दुसरं माणूस बघू, असं साहेबाने हसत हसत सांगितलं. साहेब हसून बोलला की जास्त घाबरावं, एवढं तिला अमेरिकेत सहा वर्षांत कळलं होतं.

म्हणून तर अमरावतीहून आईला बोलावलं. सरलाबाई बॅगेत सहाण आणि बाळगुटीची पुरचुंडी घेऊनच आल्या. हळकुंड, वेखंड, जायफळ, मुरडशेंग. सगळं सहाणेवर दुधात उगाळायचं, कशाचा एक वेढा, कशाचे दोन. तीन पोरं आणि पाच नातवंडं त्यांनी याच गुटीवर वाढवली होती, त्यांना कोण शिकवणार?

त्या कोरड्या हवेने सरलाबाईंनाही खाज सुटली. पाहुण्या बाईला कुठला इन्शुरन्स! पण आपल्या लोकांत डॉक्टरांना काय तोटा, घरोघरचे पदार्थ आणून जेवायच्या दिवाळीच्या पॉटलकला दर दोन खुर्च्यांमागे एक. गुरुदत्त काका भूलतज्ज्ञ. हातातलं ताट न ठेवताच त्यांनी सरलाबाईंचं मनगट पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी सँपलच्या पंधरा गोळ्या पाठवल्या. नाव हायड्रॉक्सिझिन. "रोज रात्री एक. खाजेवर बेस्ट आहे," म्हणाले.

त्याच आठवड्यात रुपाली शांत झाली. आंधळा मागतो एक डोळा अन् देव देतो दोन, तसं झालं. रात्री झोपायची ती झोपायचीच, दिवसाही झोपू लागली. ओरबाडणं थांबलं. "गुटीचा गुण," सरलाबाई म्हणायच्या, आणि वसुधा फोनवर मैत्रिणींना तेच सांगायची.

सकाळच्या घाईत सहाणेवर पिवळ्या-तपकिरी ओघळांशेजारी एक पांढरी रेघ दिसायची. विचारायचं राहून गेलं. खरं बोलायचं तर राहून बिहून काही गेलं नाही. तिने विचारलं नाही. दुधाची बाटली अर्धीच संपायची, तेही तिने पाहिलं. लेक तिच्याकडे बघून हसत नाही, नुसती बघते, हेही पाहिलं. पण झोप मिळालेल्या माणसाला शंका नको असतात.

दोन आठवड्यांनी सरलाबाई म्हणाल्या, "त्या डॉक्टरांना सांग, गोळ्या संपल्या. अजून द्या म्हणावं."

वसुधाने ऑफिसातून काकांना फोन केला.

"संपल्या?" काका म्हणाले. "अगं, तुझ्या आईने दुसऱ्याच दिवशी आमच्या हिला कॉल केला होता. म्हणाल्या, डोळे उघडेनात, मी काही घेणार नाही. मी म्हटलं, ठीक आहे, स्टॉप करा."

"आई घेत नाही?"

"नाही ना. स्ट्राँग असते ती. खाजेवर देतात, पण अँग्झायटीवरही तीच देतात. ऑपरेशनच्या आधी पेशंट घाबरला की मी हीच देतो, माणूस गप्प पडून राहतो. पण वसुधा, मग गोळ्या खातंय कोण?"

ती पांढरी रेघ वसुधाच्या डोळ्यांसमोर आली. "काका, आई गुटी उगाळते," एवढंच ती म्हणाली.

"मी ॲम्ब्युलन्स पाठवतो तुझ्या घरी. तू फोन कर आणि बाळाला जागं करायला सांग. आत्ता!"

घरचा फोन सहाव्या घंटीला उचलला गेला.

"आई, रुपाली उठलीय का?"

"कुठली उठतेय! कालपेक्षाही छान झोपलीय. आज शेवटचीच गोळी होती ना, मग चार वेढे दिले. पोरीलाही खाजच होती की गं. आणि तुझीही नोकरी."

"आई, तिला उठव."

"झोपलेल्या बाळाला कशाला..."

"उठव तिला!"

रिसीव्हर टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. मग लांबून आईची हाक, "रुपू... ए रुपू." मग जरा मोठ्याने. मग टाळ्या. मग आईचा आवाज चिरकला आणि हाकांमध्ये नाव उरलं नाही, नुसतं "अगं, अगं" उरलं. वसुधा कान लावून रडण्याची वाट बघत होती. पंधरा दिवसांपूर्वी हेच रडणं थांबावं म्हणून ती नवस बोलली होती.

ती कशी गाडी चालवत आली तिचं तिला ठाऊक. दारात ॲम्ब्युलन्स उभी होती. आत एक माणूस रुपालीच्या तळव्याला टिचक्या मारत होता, नाकातोंडावर इवलासा मास्क होता, आणि मान वळवावी तिकडे कलंडत होती. वसुधा गुडघ्यांवर बसली. "रड गं बाई," ती म्हणत राहिली, "रड, हवं तेवढं रड, मी नाही झोपत." बराच वेळ काही नाही. मग ओठ वाकडे झाले आणि मांजराच्या पिल्लाएवढा आवाज निघाला. तो माणूस म्हणाला, श्वास आहे, पण फार कमी आहे, लगेच निघायला हवं.

निघता निघता त्याने कागद पुढे घेतला आणि काहीतरी विचारलं. वसुधा म्हणाली, "वी डिड. बोथ ऑफ अस."

सहाण छातीशी धरून सरलाबाई दारात उभ्या होत्या. "काय विचारलं गं त्याने?"

"औषध कोणी दिलं ते."

"मग माझं नाव सांग ना. तुला कुठे माहीत होतं?"

"दोघींचं सांगितलं," वसुधा म्हणाली आणि गाडीत चढली.